तायडे सरांचा उजवा हात

तायडे सर आत कधीच मारायचे नाहीत. आत म्हणजे विहारात. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या बुद्धविहारात ते रोज सकाळी शाळेआधी दोन तास वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवायचे. सुरुवातीला त्यांनी एका मुलाला तिथेच हाणलं, तेव्हा यशोदाआजी नावाची म्हातारी हातातला झाडू घेऊन त्यांच्यावर धावून गेली होती. "मास्तर, बुद्धासमोर हात उचलता? लाज हाय का नाई?" सरांनी तिचं ऐकलं, पण अर्धंच. त्या दिवसापासून ते मुलाला बाहेरच्या ओट्यावर न्यायचे, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे, थापड मारायचे, घड्याळ परत बांधायचे आणि मुलाला घेऊन आत यायचे. आत आल्यावर आवाज अगदी मऊ. "हं, आता सांग, त्रैराशिक कसं मांडशील?"

"चल ओट्यावर" हे त्यांचे शब्द आमच्या गावात दोन पिढ्यांनी ऐकले. सर काळेसावळे, ठेंगणे, खांद्यांनी रुंद होते. त्यांचा पंजा पाटीएवढा वाटायचा. थापड नेहमी कानावर बसायची. आम्ही आत बसून पाढे म्हणत असायचो आणि बाहेरून फट् असा आवाज यायचा. क्षणभर पाढा थांबायचा. मग कुणीतरी पुढचा आकडा म्हणायचं आणि आम्ही पुन्हा सुरू व्हायचो.

ते आमच्याच वस्तीतले. त्यांचे वडील सालदार होते. मालकाने बैलाच्या चाबकाने फोडून काढलेली त्यांची पाठ सरांनी लहानपणी पाहिली होती. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, भूमिती शिकवताना, मध्येच. "माह्या बापाच्या पाठीवर समांतर रेषा होत्या," ते म्हणाले, "मोजल्या होत्या म्या. अकरा. तुमाले मी मारतो ते त्या बाराव्या रेषेपासून वाचवाले." आम्हाला ते पटायचं. आजही थोडं पटतं, आणि तीच माझी अडचण आहे.

संजय खंडारे माझ्या वर्गातला. सगळ्यात हुशार आणि सगळ्यात उनाड. तो आठवड्यातून तीनदा ओट्यावर जायचा. एकदा कानातून रक्ताची धार त्याच्या सदऱ्यावर आली. सरांनी स्वतःच्या रुमालाने ती पुसली, रुमाल त्याच्याच हातात दिला आणि म्हणाले, "रडू नोको. लिव." संजयने लिहिलं. त्या वहीवर लाल ठिपके पडलेले मी पाहिले आहेत.

मुलींना सर थापड मारत नसत. आम्हाला तळहातावर पट्टी. ही सवलत मला अपमानासारखी वाटायची. सातवीत शिष्यवृत्तीच्या तयारीत मी एकदा उभी राहिले आणि विचारलं, "सर, पोट्ट्याईले थापड अन् आमाले पट्टी, असं काहून? आमी कमी शिकतो का?"

 सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, कौतुक होतं. म्हणाले, "बरोबर हाय तुहं. गणित चुकलं हाय ना? चल ओट्यावर."

ती थापड मला आजही जशीच्या तशी आठवते. आधी पांढरं झालं. मग ओटा वर आला आणि मी खाली गेले. डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली. मी ओट्याच्या कडेला उलटी केली, तोंड पुसलं आणि आत येऊन गणित पुन्हा मांडलं. ते बरोबर आलं. त्या दिवशी मी घरी उड्या मारत गेले. सरांनी मला मुलांच्या बरोबरीचं मानलं होतं. आईला सांगितलं, तर ती चुलीसमोरून म्हणाली, "सरानं मारलं म्हंजे तुह्याकडं लक्ष हाय त्याईचं."

शिट्टी मात्र थांबली नाही.

माझे वडील दर्यापूरच्या बाजार समितीत हमाल होते. दहावीला मी केंद्रात पहिली आले, तरी त्यांनी माझं लग्न ठरवायला घेतलं होतं. सरांना हे कळलं आणि ते सायकल मारत थेट यार्डात गेले. मीही तिथे होते, वडिलांचा डबा घेऊन. वडिलांच्या पाठीवर तुरीचं पोतं होतं. सर म्हणाले, "पोतं खाली ठिव." वडिलांनी ठेवलं. सरांनी घड्याळ काढलं आणि शंभर माणसांसमोर माझ्या बापाच्या कानाखाली वाजवली. चाळिशीचा माणूस, मानेने बैलासारखा, तो धान्याच्या ढिगावर बसला.

"तू पोतं उचललं, ती पेन उचलीन," सर म्हणाले. "दाखला अमरावतीले जाईन. काही म्हननं हाय?"

वडील ढिगावरून उठले. त्यांना ते पोतं परत उचलता येईना. मग सरांनी स्वतःच पाठ वाकवली, दोन हमालांनी त्यांच्यावर पोतं चढवलं आणि ते फळीवरून ट्रकमध्ये टाकून आले. पांढऱ्या सदऱ्याची पाठ मातीने भरली होती. त्याच सदऱ्यात ते आठ दिवसांनी माझी पत्र्याची पेटी घेऊन मला अमरावतीच्या वसतिगृहात सोडायला आले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. ते दार सरांनी लाथ मारून उघडलं, असंच मी म्हणेन.

माझा डावा कान गेला आहे हे मला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. प्रात्यक्षिकात नादकाटा वाजवून कानाशी धरायचा होता. उजव्या कानाला तो गुणगुणला. डाव्या कानाला तो नुसता लोखंडाचा तुकडा होता. मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी कानावरची पुस्तकं वाचायला लागले आणि वाचत वाचत त्याच विषयात संशोधनाला लागले. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसपेशी असतात. नाव केसपेशी, पण त्यांच्या माथ्यावर केस नसतात, अतिशय बारीक तंतू असतात. आवाज आला की ते वाकतात आणि आपण ऐकतो. मोठा स्फोट, काही औषधं, डोक्यावर बसलेला जबर मार यांनी त्या मरतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कोंबडीत येतात. अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत मी कोंबडीच्या पिल्लांवर हेच बघते.

निवृत्तीनंतर सर अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांची पंचाहत्तरी आली तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी गावातल्या शाळेत मेळावा ठरवला. त्यात सकाळी कानतपासणीचं शिबिर ठेवावं ही कल्पना माझी. सरांना हारतुऱ्यांपेक्षा उपयोगाचं काही आवडेल असं वाटलं. माझा कान हा एकटा अपवाद आहे, अशी माझी समजूत होती. इतकी शिकूनही ती समजूत मी कधी तपासली नव्हती.

अकोल्याच्या एका दवाखान्यात कान तपासणारी माझी मैत्रीण प्रणाली यंत्र घेऊन आली. शांत खोली हवी होती. शाळेत तशी एकच होती, पोषण आहाराच्या तांदळाची. चारी भिंतींना पोती लावलेली, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता. माणसाने पाठ करून बसायचं, कानावर हेडफोन, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. प्रणाली कागदावर आलेख काढायची.

संजय पहिला आला. तो अकोल्यात ऑटो चालवतो. चालताना लंगडतो, कारण मूर्तिजापूर रोडवर ट्रकचा हॉर्न कोणत्या बाजूने येतोय हे त्याला कळलं नाही आणि तो चुकीच्या बाजूला वळला. डाव्या पायाची तीन बोटं गेली. हे तो हसत सांगतो. "मॅडम," तो प्रणालीला म्हणाला, "डाव्या कानाचं जास्त टेन्शन घेऊ नोका. बायकोले मी मुद्दाम त्याच बाजूले बसवतो. दहा वर्षांचा संसार त्याच्यावर टिकून राहिला."

त्याचा डावा आलेख दरीत कोसळावा तसा खाली गेलेला होता. मग ग्रामसेवक झालेला एक जण, त्याचाही डावा. मग एक नर्स, माझ्या त्या प्रश्नानंतर मुलींनाही थापड सुरू झाली तेव्हाची. तिचाही डावा. दुपारपर्यंत प्रणालीने माझ्याकडे बघणं सोडून दिलं होतं. सगळ्यांचा इतका नव्हता, कुणाचा थोडा, कुणाचा फार. पण उजवा एखाद-दुसराच.

"काय गं हे?" ती हळूच म्हणाली.

मी माझी तपासणी केली नव्हती. करणारही नव्हते.

तेवढ्यात सर आत आले. नवं धोतर, कपाळावर कुंकवाऐवजी घामाचे थेंब, गळ्यात झेंडूचा हार. "पेपर दे," ते म्हणाले. आपल्या मुलांचे पेपर तपासल्याशिवाय ते कधी राहिले नव्हते. मी दिले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक आलेख बघायला लागले. आलेख त्यांनीच आम्हाला शिकवले होते. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"लाल रेघ कोनत्या कानाची?"

"उजव्या," प्रणाली म्हणाली. "निळी डाव्या कानाची."

पाचसहा कागदांनंतर त्यांचा हात मंदावला. "सगळ्याईचा डावाच काहून?"

मी घाईने बोलायला लागले. "सर, बरीच कारणं असतात. लहानपणी कान फुटतो, डीजे असतो, वय होतं, नुसत्या आलेखावरून नेमकं सांगता येत नाही..."

"सुनंदा, पस्तीस वर्षं म्या पोट्ट्याईची कारनं ऐकली." त्यांनी स्वतःचा उजवा पंजा कागदांवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. मग कागद मोजले. मग दारावर लावलेल्या यादीतली नावं मोजली. "एक पेपर कमी हाय. तुहा."

"माझा कान चांगला आहे सर."

"बस."

मी बसले. सर प्रणालीच्या शेजारी, माझ्या पाठीमागे उभे राहिले. उजवा कान झाला, सोपा गेला. मग प्रणालीने डावीकडे बटण फिरवलं आणि मला फक्त माझी जुनी शिट्टी ऐकू यायला लागली. पण आवाज किती अंतराने येतो ही लय मी उजव्या कानाला मोजून ठेवली होती. त्याच लयीत मी बोट वर करत राहिले. वर. खाली. वर. खाली. ज्या माणसाने मला घडवलं त्याच्या पंचाहत्तरीला मी त्याला हे दाखवणार नव्हते. मी अकरा वेळा तरी बोट वर केलं असेल.

हेडफोन कुणीतरी खेचून काढला. "मशीन बंद हाय," सर म्हणाले. त्यांनी मघाच प्रणालीच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं होतं. "मघापासून बंद हाय. कॉपी करून राहिली तू. माह्यासमोर."

मी वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हात वर गेला, तसाच, खांद्यामागून. प्रणाली ओरडली, "अहो सर!" मी डोळे मिटले आणि मान फिरवली. मी पस्तीस वर्षांची बाई, दोन पदव्या आणि एक संशोधन पदरी असलेली, आणि मी मान फिरवून माझा डावा कान पुढे केला. का, ते मला नंतर कळलं. उजवा वाचवायचा होता. डाव्याला आता काही होणार नव्हतं.

सरांनी ते बघितलं. त्यांना ते माझ्याआधी कळलं.

थापड बसली नाही. आवाज आला तो पोत्याचा. सर तांदळाच्या पोत्यावर बुक्के मारत होते. एक, दोन, मोजणी सुटेपर्यंत. गळ्यातला हार तुटला. पोत्याची शिवण उसवली आणि तांदूळ धारेने जमिनीवर यायला लागला. तरी ते थांबेनात. शेवटी त्यांची बोटं सोलवटली, तेव्हा ते त्या तांदळात खाली बसले. "काढ," ते प्रणालीला म्हणाले. "हिचा खरा पेपर काढ." तिने रडत रडत काढला.

दुपारी मंडपात सत्कार झाला. एकेक जण उठून सांगत होता, मी ओट्यावरचा आहे, सरांची थापड खाल्ली म्हणून आज इथे आहे. टाळ्या पडत होत्या. सर उठले. हाताला रुमाल गुंडाळलेला. शाळेत दर वर्षी ते निकाल वाचायचे, त्याच स्वरात त्यांनी वाचायला सुरुवात केली. नाव. डावा कान. आकडा. पुढचं नाव. डावा कान. आकडा.

लोक आधी हसले. सरांची गंमत आहे असं वाटलं. मग हळूहळू शांतता पसरली. शेवटी माझं नाव आलं, आणि तो आकडा. माझे वडील दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

"हे म्या केलं," सर म्हणाले.

मागून संजयचा आवाज आला, शेजाऱ्याला विचारत, "काय म्हनून राहिले सर?" शेजाऱ्याने त्याच्या उजव्या कानात सांगितलं. संजय खुर्चीवरून उठला आणि हसून मोठ्याने म्हणाला, "सर, एवढं काय मनाले लावून घेता? उजवा बाकी हाय अजून. या, हाना!"

मंडप फुटल्यासारखा हसला. सुटका झाल्यासारखं सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. "सरांचा विजय असो!"

"हसू नोका!" सर गरजले. "हसू नोका, बेशरमाईनो!" कुणी थांबेना. सरांनी टेबलावरचं काचेचं सन्मानचिन्ह उचललं आणि मंचाच्या फरशीवर आपटलं. काच पहिल्या रांगेपर्यंत उडाली. एका बाईच्या पायातून रक्त आलं. तेव्हा कुठे हसू थांबलं. सर मंचावरून उतरले, कुणाकडे न बघता मागच्या फाटकाने बाहेर पडले. मी मागोमाग गेले. त्यांच्या मुलाला पुढे जाऊ दिलं नाही.

जीपच्या थांब्यापर्यंत अर्धा किलोमीटर रस्ता. दोन्ही बाजूंना सोयाबीन. सर माझ्या डावीकडे चालत होते, काही बोलले असावेत. मी काही उत्तर दिलं नाही, कारण मला ऐकू आलंच नव्हतं. ते थांबले, माझ्या मागून फिरून उजवीकडे आले आणि पुन्हा विचारलं.

"तुह्या त्या कोंबडीच्या पिल्लाचं सांग. परत कसं येते?"

मी सांगितलं. केसपेशींच्या खाली आधारपेशी असतात. गर्भात ज्या जनकपेशींनी कान घडवला त्यांचीच ती भावंडं. वरच्या मेल्या की पिल्लात खालच्या जाग्या होतात. काही स्वतःच केसपेशी बनतात, काही दुभंगून नवी केसपेशी देतात. काही आठवड्यांत पिल्लू पुन्हा ऐकायला लागतं.

"अन् मानसात त्या खालच्या नाईत?"

"आहेत सर. पण जाग्या होत नाहीत. कान एकदा घडला की गप्प होतात. त्यांना जागं करायची औषधं माणसांवर करून पाहिली जातायत. अजून खात्रीचं काही हाती नाही."

"पिल्लाच्या पेशी मरतात कशानं?"

"आम्हीच मारतो. औषध टोचून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू?"

"हो सर. मीच."

"मंग?"

"मग थांबतो. उगवेपर्यंत हात लावत नाही."

ते हाताकडे बघत चालत राहिले. रुमालातून रक्त झिरपत होतं. मग म्हणाले, "मी थांबलो नाई. संज्याले आठवड्यात तीनदा."

त्यांनी माफी मागितली नाही. मीही 'जाऊ द्या सर' म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, पण मंडपातलं हसणं कानात होतं. यार्डातला तो मातीने भरलेला सदराही डोळ्यांसमोर होता. दोन्ही खरं होतं आणि एकाने दुसरं फिटत नव्हतं. मी त्यांच्या उजव्या हातावर हात ठेवला. तो गरम होता. त्यांनी काढून घेतला नाही.

धूळ उडवत जीप आली. "माह्या जीवात होईन का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"संज्याच्या?"

"माहीत नाही."

ते पायरीवर चढले आणि वळून खेकसले, "मंग अथी उभी राहून काय करून राहिली? जा ना!"

ती शेवटची भेट. त्या हिवाळ्यात सर अकोल्याला वारले.

मी दोन दिवस वडिलांकडे राहणार होते. राहिले नाही. त्याच संध्याकाळी अमरावतीला पोचले आणि थेट प्रयोगशाळेत गेले. पिल्लांना औषध टोचून तिसरा आठवडा संपत आला होता. खोक्यात ती दाणे टिपत होती, माझ्याकडे पाठ करून. मी दोन्ही हात वर केले आणि त्यांच्यामागे जोरात टाळी वाजवली. चार पिल्लं टिपतच राहिली. पाचव्याने मान वर केली.